उन्हाळ्याला विसण

"पाण्याची काळजी सोडा, इहीणबाई! तुमचं अख्खं वऱ्हाड गरम पाण्यानं न्हाऊ घालतो. अन् ते बी एक काडी न पेटवता!"

बन्सी मगरेनं हे वाक्य कन्नडला, होणाऱ्या व्याह्यांच्या ओसरीत बसून, बशीतला चहा फुंकता फुंकता ठोकून दिलं. शेजारी बसलेल्या मनकर्णाबाईनं डोळे मिटून घेतले. आपला नवरा 'काळजी सोडा' म्हणाला, की त्या क्षणापासून आपण काळजी धरून बसायचं असतं, हे तिला नवी नवरी असतानाच कळून चुकलं होतं.

बोलणी चालली होती विशाखाच्या लग्नाची. विशाखा ही या दोघांची एकुलती एक लेक. तिला मुलगा पसंत होता. इतका पसंत होता, की "पसंत आहे" म्हणताना ती लाजायचं विसरूनच गेली! मुलाचे वडील धोंडिबा हिवाळे म्हणजे सज्जन माणूस. बोलायच्या आधी एकदा बायकोकडं बघायचे आणि मग बहुधा बोलायचेच नाहीत. बोलायचं सगळं खातं त्यांच्या बायकोकडं, म्हणजे कडूबाईकडं होतं.

"हुंडा नको, मानपान नको, आहेर नको," कडूबाई म्हणाली होती. "आपण बाबासाहेबांची माणसं. पण माझी एकच अट हाये. आंघोळीला गरम पाणी!"

या अटीमागं जुनं दुखणं होतं. थोरल्या मुलाच्या लग्नात तिकडच्या पाहुण्यांनी ऐन थंडीत वऱ्हाडाला गार पाण्याच्या बादल्या दिल्या. धोंडिबांना आधीच दमा. ते जे खोकायला लागले, ते उन्हाळा लागेपर्यंत खोकतच होते. कडूबाईनं ती सून लेकीसारखी नांदवली, पण सुनेच्या माहेरचा उंबरा पुन्हा काही ती चढली नाही.

"ह्या बारीला पाणी गार निघालं," ती बोट नाचवत म्हणाली, "तर म्या मंडपातून वऱ्हाड माघारी नेईन. मंग मला कुणी इहीणबाई म्हणू नका!"

आता असं ऐकल्यावर कुणीही शहाणा बाप गुपचूप लाकडाच्या मोळ्या आणून टाकेल. बन्सीनं बढाई मारली!

पण त्या बढाईच्या पोटात काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्याला वेडा समजाल. बन्सी चिकलठाण्याला पुठ्ठ्याच्या एका कारखान्यात बॉयलरवर होता. पुठ्ठा वाळवायला वाफ लागते. वाफेचं काम संपलं की तिचं ऊन पाणी होतं, आणि ते पाणी सरळ नाल्यात जायचं. एकदा नवं मशीन बसवायला परदेशातून एक इंजिनिअर आला. नाल्यातून निघणारी वाफ बघून तो इतका हळहळला, की जणू त्याच्या घरचं दूध उतू चाललंय. निम्मं खुणांनी आणि निम्मं दुभाष्याकडून त्यानं बन्सीला समजावलं. त्यांच्या गावात कारखान्याचं ऊन पाणी नळांनी घरोघर खेळवतात. उन्हाळ्यात जी ऊब उरते ती जमिनीत साठवतात आणि हिवाळ्यात वापरतात. पाणी कढत करायचंच नाही. कढत पाणी वाटेतच निवतं, त्याची ऊब फुकट जाते. अंगाला लागेल तेवढंच ऊन ठेवायचं, म्हणजे साठा टिकतो.

"म्हणजे उन्हाळा जमिनीत पुरायचा, अन् हिवाळ्यात उकरून काढायचा!" बन्सीनं घरी येऊन जाहीर केलं.

मनकर्णाबाई भाकरी थापत होती. "आधी नळाला पाणी आणा," ती म्हणाली.

पण या खेपेला बन्सी खरोखरच हात धुऊन मागं लागला. मुकुंदवाडीच्या पलीकडं कामगारांच्या घरांच्या दोन ओळी होत्या, त्यातच त्याचं घर. ओळींच्या मागं मुरमाची एक जुनी खदान पडून होती. शेठ म्हणाले, "नाल्यातच चाललंय, घेऊन जा." गल्लीनं श्रमदान केलं. खदान दगडांनी भरली, दगडांतून नळ्यांची वेटोळी फिरवली. एका नळीतून कारखान्याचं ऊन पाणी जाणार आणि दगड तापवणार. दुसऱ्या नळीतून टाकीचं चांगलं पाणी जाणार, दगडांची ऊब घेणार आणि घरोघरच्या मोरीत उतरणार. खदानीच्या तोंडावर कारखान्यातले रद्दी पुठ्ठे रचले, त्यावर भुसा, त्यावर मुरूम. जमिनीला अशी जाडजूड गोधडी पांघरून बन्सी सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा ती तापवत बसला. सोयरीक जमली तेव्हा खदान आतून चांगली भाजून निघालेली होती.

अडचण एकच. त्या मोकळ्या रानात सोनाजी नावाचा धनगर हिवाळ्यात मेंढरं घेऊन उतरायचा. मेंढरांना जमिनीची ऊब लागली आणि ती खदानीवरून उठेनात!

"हाकल ती मेंढरं! माझी ऊब खाऊन टाकतील!" बन्सी ओरडायचा.

"बन्सीभाऊ, मेंढरू पाला खातं. ऊब खाल्लेलं म्या तरी बघितलं नाय," सोनाजी शांतपणे म्हणायचा.

शेवटी बन्सीनं त्यालाच खदानीचा राखणदार नेमलं. दोघांची दोस्ती जमली. घरोघरचे नळ लग्नाच्या तोंडावर बसले आणि बन्सीनं गल्लीत फिरून ताकीद दिली, "लग्नापर्यंत एकानं नळ सोडायचा नाय! ऊब जपायची!" लोकांनी ती ताकीद मनापासून पाळली, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला. म्हणजे लग्नाच्या सकाळपर्यंत त्या पाण्यानं एकाही माणसानं आंघोळ केलेली नव्हती!

ते नामांतराचे दिवस होते. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून भांडण सुरू झालं, तेव्हाची शाळकरी पोरं आता लग्नाला आली होती. मनकर्णाबाई स्वतः सत्याग्रहात जेलमध्ये जाऊन आलेली. शहरात आज मोर्चा, उद्या बंद, परवा संचारबंदी असं चालायचं. आणि नेमका विशाखाच्या लग्नाच्या दिवशीच बंद पुकारला गेला! वऱ्हाड आदल्या दुपारीच टेम्पोतून येऊन उतरलं. लाकडाची वखार बंद, रॉकेलचं दुकान बंद, कारखान्याचा बॉयलरही बंद. दुसरा कुणी वधूपिता असता तर मटकन खाली बसला असता. बन्सीच्या चेहऱ्यावर मात्र दिवाळी!

"कारखाना बंद असू द्या! जमीन कुठं बंद हाये?" तो ज्याला त्याला सांगत सुटला.

वऱ्हाडाची उतरायची सोय गल्लीत घरोघर केली होती. सकाळी अशी थंडी पडली, की बोलणाऱ्याच्या तोंडातून शब्दांआधी वाफ यायची. पहिल्या आंघोळीचा मान धोंडिबांचा. बन्सीनं आपल्या मोरीतला नळ सोडला. ऊन पाण्याची धार बादलीत पडली. त्यानं हात धरून बघितला. अंगाला लागेल तेवढंच ऊन! रतीभर कमी नाही, रतीभर जास्त नाही! त्यानं मनकर्णाबाईला हाक मारून तिचाही हात धारेखाली धरला.

"व्हय की वो!" ती म्हणाली.

इतक्या वर्षांच्या संसारात बायकोनं इतकं मोठं प्रशस्तिपत्र कधी दिलं नव्हतं. बन्सीचा ऊर भरून आला. धोंडिबा पंचा घेऊन मोरीत शिरले, दार लागलं, आणि बन्सी कौतुकाचा पहिला शब्द टिपायला दाराशीच उभा राहिला. आत पाणी ओतल्याचा आवाज आला. मग आणखी पाणी ओतल्याचा आवाज आला. आणि मग किंकाळी!

"आयायाया! मेलो! बर्फ हाये का काय!"

बन्सी दार ढकलून आत घुसला. धोंडिबा अंगाचं मुटकुळं करून थरथरत उभे. बादलीशेजारी गार पाण्यानं काठोकाठ भरलेला ड्रम. ड्रमावर तांब्या.

"हे काय?" बन्सीनं विचारलं.

"इसण," धोंडिबा दात वाजवत म्हणाले.

विसण! कढत पाणी अंगाला सोसावं म्हणून त्यात जे गार पाणी ओततात ते विसण, आणि कन्नडकडं त्यालाच इसण म्हणतात. आंघोळीला बसलेला माणूस आधी विसण ओततो आणि मग विचार करतो. धोंडिबांनी ड्रमातले तांब्यामागून तांबे बादलीत रिचवले होते.

"ड्रम कुणी ठेवला इथं?" बन्सी किंचाळला.

"म्या," मनकर्णाबाई दारातून म्हणाली. "इवायांना आंघोळीला बसवायचं अन् इसणाला पाणी ठेवायचं नाय? लोक शेण घालतील तोंडात!"

"अगं, हे पाणी हाय तसं अंगावर घ्यायचंय! ह्याला इसण लागतच नाय!"

"मंग ते मला आधी सांगायचं का नाय?"

बन्सी वळून धोंडिबांकडं बघत हात जोडून म्हणाला, "अवो इवाई, इसण ओतायच्या आधी पाण्यात हात तरी घालायचा!"

"गरम पाण्यात हात?" धोंडिबा पंचा गुंडाळत म्हणाले. "अन् भाजला असता म्हणजे?"

यावर बन्सी तोंड उघडणार, तोच समोरच्या घरातून आरोळी आली. "गार! गार पाणी!" मग शेजारच्या घरातून. मग पलीकडच्या ओळीतून! वऱ्हाड घरोघर उतरलं होतं, घरोघर नळ होता, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरमालकिणीनं पाहुण्यांचा मान राखायला मोरीत विसणाची घागर ठेवलेली होती! जो तो बादली भरत होता, सवयीनं अर्धी घागर ओतत होता, बोंबलत होता, बिघडलेलं पाणी मोरीत उपडं करत होता आणि पुन्हा नळ सोडत होता. एका नळाची धार लागायची आणि दुसऱ्या घरात घागर उपडी व्हायची. गटारीतून वाफाळतं पाणी वाहायला लागलं. बन्सीनं महिनोन् महिने पुरलेला उन्हाळा त्याच्या डोळ्यांदेखत गटारीनं चालला होता.

"इसण घालू नका! इसण घालू नका!" तो दारोदार पळत सुटला.

"मग काय चटके घेऊ का?" एका मोरीतून प्रश्न आला.

"कढत नाय पाणी!"

"म्हणजे कोमट हाये?"

"कोमट नाय, गरम हाये!"

"गरम हाये तर इसण द्या की!"

पाणी गरम आहे म्हणावं, तर लोक विसण घालणार. विसण नको म्हणावं, तर ते पाणी गरम नाही असं ठरणार! सरळ दिसणाऱ्या या गोष्टीतून बाहेर पडायला वाटच नव्हती. आणि त्या वाटेवर नेमकी कडूबाई उभी राहिली. डोक्यावरून पदर, कमरेवर हात.

"इवाई, गरम पाणी म्हणजे काय ते तुम्ही मला शिकवता का?" तिनं विचारलं.

"नाय, इहीणबाई, पण हे पाणी असं हाये की—"

"ज्याला इसण लागतं ते गरम पाणी. ह्याला इसण लागतं?"

"नाय लागत. तेच तर त्याचं—"

"मंग ते गरम नाय! मिटलं!"

"अवो, पण हात घालून बघा ना एकदा!"

"घातला. तापकरी माणसानं तोंड धुवावं असलं पाणी हाये ते. आमच्या ह्यांनी वतलं तर बर्फ निघालं!"

"इसण वतल्यावर बर्फच निघंल ना!"

"गरम असतं तर इसण वतूनसुद्धा गरम राहिलं असतं!"

बन्सीनं आयुष्यभर बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून काम केलं होतं, पण एवढा घाम त्याला कधी फुटला नव्हता. आता आपण बोलून भागणार नाही, दवंडीच दिली पाहिजे, असं त्याला वाटलं. सोनाजीचा आवाज मेंढरं हाकून हाकून खणखणीत झालेला. बन्सीनं त्याला खदानीवरून ओढून आणला आणि बजावलं, "गल्लीभर ओरडून सांग. इसण घालायचं बंद करा म्हणावं!"

सोनाजीनं गल्लीच्या टोकाला उभं राहून छाती भरून घेतली आणि निरोप आपल्या परीनं आटोपशीर केला.

"ऐका होऽऽ! आज इसण बंद!"

गल्ली एकदम चिडीचूप झाली. त्या दिवसांत औरंगाबादेत 'बंद' हा शब्द उगाच कुणी काढत नसे. मोऱ्यांची दारं उघडली. कुणी साबणासकट, कुणी पंचा धरून बाहेर आलं.

"इसण बंद? कुणी पुकारला?" एकानं विचारलं.

"पाठिंबा कुणाकुणाचा हाये?" दुसऱ्यानं विचारलं.

"शहर बंदमधी आंघोळीचं बी आलं का?"

वऱ्हाडातल्या दोन तरण्या पोरांनी बंदला जाहीर पाठिंबा दिला आणि आंघोळ न करताच कपडे घातले. बाकीचे मात्र खवळले. घागरी रिकाम्या करायला निघालेल्या बन्सीला त्यांनी वाटेतच गाठलं. कडूबाई पुढं झाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता, उलट खाली आला होता, आणि तेच वाईट होतं.

"इवाई, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी मोकळं केलं. अन् तुम्ही सोयऱ्यांचं इसण बंद करता?"

बन्सीला परदेशी इंजिनिअर आठवला, दगड आठवले, नळ्यांची वेटोळी आठवली. सांगायला एवढं सगळं होतं, आणि त्यानं सांगायला तोंड उघडलंही. त्याच वेळी धोंडिबा ओट्यावर बसून खोकायला लागले. एकदा, दोनदा, आणि मग थांबेचनात. कडूबाईनं नवऱ्याकडं बघितलं. तिचा चेहरा पडला. ती रागीट होती, हे खरं. पण त्या माणसाला दम लागलेला बघणं तिला सोसत नव्हतं, हेही खरं.

"गाडीत सामान टाका रे," ती वऱ्हाडाला म्हणाली. "ह्यांना म्या दुसऱ्यांदा मरायला न्हाई आणलं."

टेम्पोचं फळकं खाली पडलं. पहिली पेटी चढली.

बन्सी घराच्या मागं खदानीकडं जाऊन उभा राहिला. तिथं विशाखा आली. लग्नाची पांढरी साडी नेसलेली, केसांत फुलं माळलेली, आणि डोळे लाल.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही खरं बोलताय ते मला माहीत हाये. पण मला खरं पाणी नको. मला हे लग्न पाहिजे."

बन्सीला रडूच फुटलं. लेकीसाठी आख्खी जमीन तापवली, आणि एका तांब्यानं तिचं लग्न मोडत होतं! तो सोनाजीच्या गोणपाटावर बसला आणि डोकं धरून म्हणाला, "काय करू, पोरी? पाणी गरम हाये. लोकांना पटत नाय, त्याला म्या काय करू?"

"नाव बदला," मागून मनकर्णाबाई म्हणाली.

"कशाचं?"

"पाण्याचं. तुम्ही त्याला गरम म्हणता, म्हणून लोक त्यात इसण घालतात. त्यालाच इसण म्हणा!"

"नुसतं नाव बदलून काय व्हतंय?" बन्सी वैतागून म्हणाला.

मनकर्णाबाईनं त्याच्याकडं बघितलं. एका नावासाठी पोलिसांच्या लाठ्या खाल्लेली, एका नावासाठी जेलची भाकरी खाल्लेली बाई ती. "पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

बन्सीनं घाईनं शब्द फिरवला. "नाय... म्हणजे व्हतंय. लई व्हतंय!"

बेत साधा होता. नळाचं पाणी म्हणजे आजपासून विसण. मग गरम पाणी कुठलं? तर मंडपाजवळ दगडाची चूल मांडून त्यावर एकच मोठा हंडा कढत करायचा. प्रत्येकाच्या बादलीत हंड्यातलं तांब्याभर कढत पाणी टाकायचं आणि म्हणायचं, आता इसण तुमच्या हातानं घ्या! चुलीला जळण मात्र नव्हतं. वखार बंद. मनकर्णाबाईची नजर खदानीवर गेली.

"तो पुठ्ठा नको!" बन्सी ओरडला. "ती गोधडी हाये! ती काढली की सगळी ऊब उडून जाईल!"

"लेक उडून चाललीय, अन् तुम्हाला ऊब दिसती?"

सोनाजीनं मुरूम बाजूला केला, भुसा झटकला आणि खालच्या उबेनं खडखडीत सुकलेले पुठ्ठे उपसून काढले. बन्सी तिकडं पाठ करून उभा राहिला. काडी न पेटवता न्हाऊ घालतो म्हणणाऱ्या त्या माणसानं स्वतःच्या हातानं काडी पेटवली. वाळके पुठ्ठे असे धडाडून पेटले, की हंड्यातलं पाणी बघता बघता चळचळा उकळायला लागलं. वाफेचा लोट मंडपावरून टेम्पोपर्यंत गेला. पेट्या चढवणारे हात थांबले. उकळत्या पाण्याला कुणी कोमट म्हणू शकत नाही! दरम्यान गल्लीतल्या बायकांनी घरोघरच्या विसणाच्या घागरी गुपचूप उचलून स्वयंपाकाच्या जागी नेऊन ठेवल्या.

मनकर्णाबाई कडूबाईपुढं पदर सावरून उभी राहिली. "इहीणबाई, चुकी झाली. गरम पाणी आता तापलं बघा. पयली बादली तुमची. इसण नळाला हाये, पाहिजे तेवढं सोडा. इसणाला कुणाचा बंद नाय!"

कडूबाईनं हंड्याकडं बघितलं. हंडा फुसफुसत होता. तिनं एकीकडं नाक मुरडलं आणि दुसरीकडं बादली उचलली. तांब्याभर कढत पाणी तळाशी पडलं, बादली मोरीत गेली, दार लागलं, नळाची धार सुटली. अख्खं वऱ्हाड, अख्खी गल्ली मोरीच्या दाराकडं कान लावून. टेम्पोचा ड्रायव्हर विडी विझवून उभा. विशाखानं आईचा हात इतका घट्ट धरला, की मनकर्णाबाईच्या बांगड्या रुतल्या. आतून पाणी अंगावर घेतल्याचा आवाज आला. मग—

"अगं बाई गं!"

बन्सीनं डोळे गच्च मिटले.

"अगं बाई गं, काय सुख हाये! अवो, ऐकलं का, आधी तुम्ही या! पेट्या उतरवा रे!"

मग काय विचारता! धोंडिबा पुन्हा न्हायले आणि अंगातून वाफा काढत हसत बाहेर आले. एका घरातून दुसऱ्या घरात निरोप गेला, की गरम पाणी हंड्यातलं आहे आणि नळाला विसण आहे. बादल्या फिरल्या, मोऱ्या घुमल्या. बंदला पाठिंबा दिलेल्या पोरांनीही पाठिंबा काढून घेतला आणि कपडे उतरवले. इकडं उघड्या पडलेल्या खदानीवर सोनाजीची मेंढरं हारीनं येऊन बसली. बन्सीनं या खेपेला त्यांना हाकललं नाही. निदान कुणीतरी त्याच्या उन्हाळ्याला गोधडी पांघरत होतं.

लग्न थाटात लागलं. बुद्धमूर्तीसमोर, बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्त्या लागल्या, त्रिसरण-पंचशील झालं, वधूवरांवर फुलं पडली. विशाखानं हार घालताना पुन्हा एकदा लाजायचं विसरून नवऱ्याकडं सरळ बघितलं. बन्सी गहिवरला. आता जेवणं झाली, की व्याह्यांना खदानीवर न्यायचं आणि सगळा साठा नीट समजावून सांगायचा, असं त्यानं मनाशी ठरवूनसुद्धा टाकलं. आता घाबरायचं काय कारण!

पंगत बसली. कडूबाईनं वरणाचा घास घेतला आणि भरल्या पंगतीत आवाज दिला.

"इवाई, खरं सांगते. म्या आजवर लई लग्नं बघितली. पण असं इसण कुठं बघितलं नाय! गरम पाणी काय, हंडा मांडला की कुणी बी तापवतंय. पण इसण ठेवायला घराणं लागतं!"

वऱ्हाडानं माना डोलावल्या. "लई झ्याक इसण!" धोंडिबासुद्धा म्हणाले, बायकोकडं न बघता!

बन्सीनं वाढायचं भांडं खाली ठेवलं. छाती पुढं काढली. इंजिनिअर, दगड, वेटोळी, सगळं जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. ज्याला हे लोक विसण म्हणत होते, तेच तर त्याचं गरम पाणी होतं! "इहीणबाई," त्यानं सुरुवात केली, "त्याचं असं हाये, की ते इसण म्हणजे खरं तर—"

समोर विशाखा बसली होती. तिनं काहीच केलं नाही. नुसती बापाकडं बघत राहिली. शेजारी मनकर्णाबाई भाकरीची टोपली घेऊन थांबली होती, तीही बघत राहिली.

"खरं तर काय?" कडूबाईनं विचारलं.

"खरं तर," बन्सी म्हणाला आणि त्यानं भांडं पुन्हा उचललं, "आमच्याकडचं इसण पहिल्यापासून चांगलंच हाये. अजून वरण घ्या."

दिवस कलायच्या आत वऱ्हाड निघालं. विशाखा टेम्पोत बसली, मायलेकी गळ्यात पडून रडून झाल्या, बन्सीनंही डोळे पुसले. तेवढ्यात कडूबाई खाली उतरली. तिच्या हातात तेलाचा रिकामा, धुतलेला डबा होता.

"इवाई, नाही म्हणू नका. एवढा डबा इसण भरून द्या. उद्या सकाळी घाटातली थंडी मोठी असते. ह्यांच्या आंघोळीला पाहिजे."

बन्सीनं डबा घेतला. मोरीत जाऊन नळ सोडला. साठा आता तळाला गेला होता, पाणी जेमतेम ऊन होतं, पण होतं. त्यानं डबा गळ्यापर्यंत भरला, झाकण घट्ट बसवलं आणि तो कडूबाईच्या हाती दिला. उद्या सकाळपर्यंत ते पाणी खरोखरचं विसण होणार होतं!